घोडं पेंड खातंय ते इथंच

वाईजवळून एका ताईंचं पत्र आलंय. चार पानी आहे, म्हणून कामाचं तेवढंच इथे देतो.

"पाचगणी रस्त्याला आमचं छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे. दोन वर्षांपूर्वी मिस्टरांनी पुण्याकडच्या एका व्यापाऱ्याकडून मिनी घोडा आणला. उंची ३३ इंच, नाव पिंट्या. शनिवार-रविवारी पाहुण्यांची मुलं त्याच्यावर बसतात, फोटो काढतात. अंगण स्वच्छ राहावं म्हणून पाहुणे असताना चारा टाकत नाही. सकाळ-संध्याकाळ तोबऱ्यात भिजवलेला हरभरा आणि मक्याचा भरडा, वर गुळाचा खडा. गेले तीन महिने काहीतरी बिनसलंय. तोबरा अर्धा टाकतो, पण कडब्याला तोंड लावतो. खाल्ल्यावर पोटाकडे वळून बघतो, दात करकरा खातो, मध्येच आडवा होतो आणि दहा मिनिटांनी उठतो. खोगिराचा तंग आवळायला गेलं की चावायला येतो. अंगावरची चकाकी गेली, अंगानं मात्र गुबगुबीतच. मे महिन्यात लंगडत होता, तेव्हा दुखण्याची पावडर बरेच दिवस दिली होती. डॉक्टर म्हणतात अल्सर असू शकतो. एक घोडेवाले म्हणाले, लठ्ठ झालाय, रात्रीचा चारा बंद करा. तो महिनाभर बंद आहे. दुसऱ्यानं सांगितलं म्हणून माणसाची अॅसिडिटीची एक कॅप्सूल (ओमेप्राझोल, २० मिलिग्रॅम) रोज गुळात कुटून आठ दिवस दिली, फरक नाही. शेजारच्या काकू हळद-तूप द्या म्हणतात. घोड्याला खरंच अल्सर होतो का? औषध काय? पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं? आणि धाकटी विचारते, पिंट्याला आता गाजरसुद्धा द्यायचं नाही का?"

ताई, धाकटीला सांगा, गाजराचं शेवटी बघू.

घोड्याला अल्सर होतो, आणि चांगला सर्रास होतो. सराव चालू असलेल्या रेसच्या घोड्यांच्या पोटात दुर्बीण घालून पाहिलं, तेव्हा दहातल्या आठ-नऊ घोड्यांच्या जठरात व्रण सापडले. पिंट्या काही रेस पळत नाही. पण रेसच्या घोड्याला जे भोगावं लागतं ते बरंचसं तुमच्या अंगणात त्याच्याही वाट्याला आलंय: तोबरा जास्त, चारा कमी, खाण्याच्या दोन वेळांमध्ये लांबलचक उपास, आणि रिकाम्या पोटी काम.

काम कुठं अडलं की आपण विचारतो, घोडं नेमकं कुठं पेंड खातंय? तुमच्या बाबतीत ते खरोखरच पेंडीपाशी, म्हणजे तोबऱ्यापाशी अडलंय.

गाय-म्हैस भराभर पोट भरते आणि मग सावलीत रवंथ करत बसते. घोड्याला ती सोय नाही. तो माळावरचा प्राणी. दिवसरात्रीतले पंधरा-सोळा तास थोडं थोडं कुरतडत पुढं सरकायचं, ही त्याची रीत, आणि जठरही त्याच मापाचं. पाचशे किलोच्या घोड्याचं जठर ८ ते १५ लिटरचं. तुमच्या पिंट्याचं त्या हिशेबानं दोन-अडीच तांब्यांचं धरा. त्यात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, आत गवत असो वा नसो. त्याच्यावर उतारा लाळेचा. पण घोड्याची लाळ चावल्याशिवाय सुटत नाही. तोबरा दिसला म्हणून आपल्यासारखं तोंडाला पाणी सुटणं त्याच्याकडे नाही. किलोभर वाळलं गवत संपवायला मोठा घोडा तीनेक हजार वेळा जबडा हलवतो. किलोभर दाण्याला हजाराच्या आतबाहेर. म्हणजे तोबऱ्यानं पोट भरलं तरी लाळ कमीच. वर त्या दाण्यातलं पिष्ट जठरात आंबतं आणि त्याचीही आम्लं होतात ती वेगळीच.

जठराच्या खालच्या भागाला आतून बुळबुळीत लेप असतो, तो आम्ल सोसतो. वरच्या तिसऱ्या हिश्श्याला असं काही कवच नाही. घोडा चालायला-पळायला लागला की पोटाचे स्नायू आवळतात आणि खालचं आम्ल वर चढून त्या उघड्या अस्तराला लागतं. आत चघळलेल्या गवताचा थर असेल तर ते हिंदकळत नाही. पत्र वाचता वाचता मी पिंट्याचा शनिवार मनात मांडला. रात्रभर उपाशी, सकाळी तोबरा, मग सहा-सात तास झालरी लावून अंगणात उभा आणि पाठीवर पोरं. चाऱ्याच्या दोन वेळांत सहा तासांपेक्षा जास्त अंतर पडलं की वरच्या भागातल्या व्रणांचा धोका वाढतो, हे पाहणीतून दिसून आलंय. पिंट्याला तर दिवसातून दोनदा तेवढं अंतर पडतंय.

दुसरा प्रकार खालच्या, लेप असलेल्या भागातला, बहुतेक जठराच्या बाहेर पडायच्या तोंडाशी. तिथं दोष आम्लाचा कमी आणि लेप पातळ होण्याचा जास्त. ताण आणि दुखण्याची औषधं ही त्याची नेहमीची कारणं. हा प्रकार बरा व्हायला जास्त वेळ घेतो. पावडरीचं तुम्ही लिहिलंय म्हणून मला याचीही शंका आहे.

आता, अल्सरच आहे हे कशावरून? लक्षणांवरून फक्त संशय घेता येतो. दाणा टाकून वैरण खाणं, तंग आवळताना चावणं, खाल्ल्यावर पोटाकडे बघणं, हे सगळं जुळतं. पण दात करकरणारं मिनी घोडं म्हटलं की मी आधी तोंड उघडून बघतो. मोठ्या घोड्याला जेवढे दात, तेवढेच या एवढ्याशा जबड्यात दाटीवाटीनं बसलेले. कडा वाढून गाल सोलले असतील तर चावणं कमी, चावणं कमी म्हणजे लाळ कमी, आणि परत येरे माझ्या मागल्या. त्यातून तुमच्याकडे डोंगरचं गवत आणत असाल तर कुसळं हिरड्यांत रुतलेली असतात तीही बघा. पायांच्या केसांवर पिवळट बारीक ठिपके चिकटलेले दिसले तर ती बॉट माशीची अंडी. त्यांच्या अळ्या जठरातच मुक्काम करतात, तेव्हा जंताचं औषध वजनावर ठरवून घ्या. अधूनमधून ताप आणि पायांना, पोटाखाली सूज असेल तर सर्ऱ्यासाठी, म्हणजे रक्तातल्या परजीवीच्या आजारासाठी, रक्त तपासायला सांगा. उलटी होते का म्हणून वाट बघू नका, घोड्याला उलटी करताच येत नाही. आणि लीद काळी नाही म्हणून अल्सर नाही, असंही समजू नका. वाढ पूर्ण झालेल्या घोड्यांत जठरातल्या व्रणाचं रक्त लिदीत सहसा दिसत नाही.

खात्री हवी तर दुर्बीण. मोठ्या घोड्याला तीन मीटरची लागते. माणसाची मीटरभराची मिनीलाही अपुरीच, पण पिंट्याच्या मापाला दोन मीटरमध्ये काम भागतं. खंबाटकीचा बोगदा ओलांडून खाली उतरलं की शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जायच्या आधी फोन करून दुर्बिणीची लांबी विचारा, नाहीतर घोडं टेम्पोत घालून जायचं आणि तसंच परत आणायचं. आणि मिनी घोडा आहे, किती तास उपाशी ठेवायचा, हेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. मोठ्या घोड्याचा रात्रभराचा उपास याच्या माथी मारू नये.

असं का म्हणतो ते सांगायलाच हवं, कारण तुमच्या पत्रातली मला खरी भीती वाटली ती याच गोष्टीची.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमणूक कोरेगाव तालुक्यात होती. एक गोलमटोल तट्टू घोडी, गाभण. मालक म्हणाला, साहेब, अंग फार धरलंय. मीही नवा होतो. खुराक बंद करा म्हणालो, आणि "चाराही आवरता घ्या" असं तोंडातून गेलं. मालकानं ते मनावर घेतलं. चौथ्या दिवशी बोलावणं आलं तेव्हा घोडी मान टाकून उभी होती, पाण्याच्या घमेल्यावर ओठ टेकवलेले, पण पाणी पीत नव्हती. रक्त काढलं आणि बाटली उभी ठेवली. वर जे निवळून आलं ते दुधासारखं पांढरं. अंगातली चरबी सगळी एकदम रक्तात उतरलेली. यकृताला ती पेलवली नाही. दोन दिवसांत घोडी गेली, पोटातल्या शिंगरासकट.

तट्टं, गाढवं आणि मिनी घोडी यांची घडणच अशी आहे. कमीत कमी खाण्यात जगायचं, मिळेल तेव्हा चरबी साठवायची. उपास घडला की ती चरबी हिशेबानं न निघता धरण फुटल्यासारखी सुटते. त्यात लठ्ठ, गाभण किंवा दूध पाजणारी घोडी असेल तर जास्तच. म्हणून पिंट्यानं चोवीस तास चाऱ्याला तोंड लावलं नाही तर "उद्या बघू" म्हणायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर. लोळण घेतोय, घाम फुटलाय, लीद बंद आहे, नाकातून चारा-पाणी येतंय, यातलं काही दिसलं तर चोवीस तासही नाहीत. लगेच. तुमचे नेहमीचे डॉक्टर नाही मिळाले तर १९६२ ला फोन लावा, फिरतं पशुवैद्यकीय पथक त्यावर मिळतं.

तेव्हा घोडेवाल्यांचा सल्ला अर्धा बरोबर आहे. पिंट्या लठ्ठ आहे हे खरं. पण बंद करायचा तो तोबरा, चारा नव्हे. आजच्या आज रात्रीची वैरण सुरू करा. अंग आणि अल्सर ही तुम्हाला दोन दुखणी वाटतायत, एकाला खायला द्यावं तर दुसरं वाढतं असं. पण मूळ एकच आहे: मका, गूळ आणि उपास. मे महिन्यातलं लंगडणंही मला त्याच खात्यावर मांडावंसं वाटतं. गुबगुबीत मिनी घोडं दोन्ही पुढचे पाय जपून टाकत लंगडलं की खुरांच्या आतला दाह, लॅमिनायटिस, हा पहिला संशय. तो बऱ्याचदा पिष्टानं आणि साखरेनं येतो. डॉक्टरांना खुरं दाखवा, आणि मानेची वरची कड टणक, उभी वाटते का तेही बघायला सांगा.

औषधाकडे येतो. घोड्याच्या अल्सरवर मुख्य औषध ओमेप्राझोल. इलाजाची मात्रा किलोला ४ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, २८ दिवस. पिंट्या ९० किलोचा धरला तर रोज ३६० मिलिग्रॅम. तुम्ही दिली २० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल, म्हणजे अठरावा हिस्सा. तीही कुटून. त्या कॅप्सूलमधल्या बारीक गोळ्यांवर जे वेष्टन असतं ते याचसाठी, की औषध जठरातल्या आम्लात नासू नये आणि पुढं आतड्यात जाऊन विरघळावं. ते कुटलं की औषध जठरातच संपलं. आठ दिवस पिंट्याला मिळाला तो गूळ.

म्हणून आता घरीच अठरा कॅप्सूल मोजायला बसू नका. बाजारातल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये ओमेप्राझोलच्या जोडीला दुसरं औषधही असतं. घोड्यांसाठीची पेस्ट मिळते का, नाहीतर वेष्टन शाबूत ठेवून कसं द्यायचं, हे डॉक्टरांनी ठरवू दे. पेस्टची पिचकारी मोठ्या घोड्याच्या वजनावर आखलेली असते. तिच्यावरचं वजन वाचूनच कडं फिरवायचं. वेळ सकाळची, पहिल्या चाऱ्याच्या आधी अर्धा ते एक तास. रात्री टाकलेली वैरण पहाटेपर्यंत संपत आलेली असते, तेव्हा तो तासभर त्याला जड जात नाही. भरल्या पोटी दिलं तर औषध अंगी कमी लागतं.

खालच्या भागात व्रण असेल तर डॉक्टर जोडीला सुक्राल्फेट देतील. ते व्रणावर लेपासारखं बसतं, पण इतर औषधांनाही धरून ठेवतं, म्हणून दोन्हींमध्ये तास-दोन तासांचं अंतर ठेवा. आठवड्याभरात पिंट्या खुलेल. दोन आठवड्यांत तुम्हाला वाटेल, झालं, कशाला खर्च. तिथं थांबू नका. दुखणं आधी जातं, व्रण मागून भरतो. आणि २८ दिवस झाल्यावर एकदम तोडायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं मात्रा उतरवत आणायची. एकाएकी बंद केलं की दाबून ठेवलेलं आम्ल जास्त जोरानं येतं.

ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे ते वजन मात्र अंदाजानं धरू नका. मोठ्या घोड्याच्या बाबतीत वीस किलोची चूक खपून जाते, पिंट्याच्या बाबतीत ती पाव हिस्सा होते. वाईत कुठल्याही आडतीवर पोत्यांचा प्लॅटफॉर्म काटा असतो. सकाळी गर्दीच्या आधी न्या, वर सपाट फळी टाका, उभा करा. हमाल हसतील, हसू दे.

वजनाचाच दुसरा मुद्दा, ती दुखण्याची पावडर. तुम्ही नाव लिहिलं नाही, पण घोड्यांत बहुधा फिनाइलब्युटाझोन असतं. त्याची मात्रा किलोला २.२ ते ४.४ मिलिग्रॅम. मोठ्या घोड्याला १ ग्रॅम ही साधी मात्रा झाली. तीच ९० किलोच्या अंगात गेली तर किलोला अकरा. त्यानं जठराला, पुढं मोठ्या आतड्याला आणि मूत्रपिंडाला धोका. उरलेली पुडी घरात असेल तर बाहेर काढा, डॉक्टरांना दाखवा, किती दिली आणि किती दिवस ते खरं सांगा. लाजायचं कारण नाही. चिमटीनं औषध देणारे आम्हीही होतो. यापुढं दुखणं उठलं तरी अल्सर भरेपर्यंत हे औषध विचारल्याशिवाय नाही, आणि दोन वेदनाशामकं एकत्र कधीच नाही.

काकूंच्या हळद-तुपाचं म्हणाल तर, पी हळद आणि हो गोरी. चिमूटभर हळदीनं पिंट्याचं काही बिघडणार नाही, पण व्रणही भरणार नाही. तूप मात्र या अंगाला नको.

आता रोजचं खाणं. हे नीट केलं नाही तर औषध संपल्यावर महिन्या-दोन महिन्यांत तुमचं दुसरं पत्र येईल.

पिंट्याला दिवसाला साधारण दीड किलो वाळका चारा लागतो. अंग उतरवायचं म्हणून तो सव्वा किलोच्या खाली डॉक्टरांना न विचारता आणू नका. दीड किलो म्हणजे फार नाही. असंच टाकलं तर काही तासांत फस्त करेल आणि बाकीचा सगळा वेळ आम्ल गिळत उभा राहील. खरी करामत आहे ती हा दीड किलो चोवीस तास पुरवण्यात. चार-पाच वेळा विभागून टाका, त्यातला सगळ्यात मोठा वाटा रात्री झोपताना. आणि खाणं सावकाश व्हावं म्हणून वर जाळी हवी. कांद्याच्या गोणीची जाळी वापरू नका, तिचे प्लॅस्टिकचे धागे पोटात जातात. टांगलेल्या जाळीत मिनीचं इवलंसं खूर अडकतं, हे मी पाहिलंय. त्यापेक्षा फळ्यांची उथळ पेटी करा, आत वैरण आणि वर वैरणीवर टेकणारी वेल्डमेशची चौकट, कडा घासून गुळगुळीत केलेली. जसजसं खाईल तसतशी चौकट खाली बसते. गावातला वेल्डर एका दुपारी करून देईल.

चारा कोणता? मारवेल किंवा डोंगरचं गवत, कुसळं धरायच्या आत कापून वाळवलेलं, ते मला सगळ्यात पसंत. कडबा चालेल, पण नुसत्या कडब्यावर किंवा गव्हाच्या भुश्यावर ठेवू नका. नुसत्या काडावर ठेवलेल्या घोड्यांत अल्सर जास्त आढळलाय. तुमच्या पट्ट्यात पावसाळ्यात कडब्याला बुरशी धरते. वास कुबट आला तर तो म्हशीलाही नको आणि घोड्यालाही नको. उसाचं वाडं फुकट मिळतं म्हणून त्याचा भारा रोज टाकायची सवय आपल्याकडे आहे. वाड्यात आणि हत्तीगवतात ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून टाकतं. गाय-म्हैस ते बऱ्यापैकी पचवते, घोड्याची हाडं मात्र त्यानं पोकळ होतात. कधीमधी एखादी पेंढी ठीक.

आणि लसूणघास, म्हणजे ल्यूसर्न. हे तुमच्या हातातलं निम्मं औषध समजा. त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं जठरातलं आम्ल सौम्य करतात. पण ती ताकदीची वैरण आहे, म्हशीच्या मापानं टाकाल तर पिंट्याचा फुगा होईल. वाळलेला दोन-अडीचशे ग्रॅम दिवसाला पुरे, किंवा हिरवा किलोभर, सुकवून मलूल केलेला. हा दीड किलोच्या हिशेबातच धरायचा, वरचा नव्हे.

तोबरा? पिंट्याला त्याची गरज नाही. तो नांगर ओढत नाही, तुतारीच्या तालावर नाचत नाही. तरी द्यायचाच झाला तर मोजून. एका वेळी किलो वजनामागे १ ग्रॅमच्या वर पिष्ट नको, आणि दिवसात मिळून २ ग्रॅमच्या वर नको, ही अल्सरपुरती मर्यादा. पिंट्याला म्हणजे वेळेला ९० ग्रॅम. मक्यात दोन तृतीयांश पिष्टच असतं, सव्वाशे-दीडशे ग्रॅम मक्यातच ती मर्यादा संपली. तुमचा तोबरा किती भरतो ते एकदा काट्यावर बघा. खुरांचा संशय आहे तोवर मका आणि गूळ पूर्ण बंद. चार-पाच दिवसांत उतरवत आणा. खनिज मिश्रण द्यायला काहीतरी हवंच ना, तर मूठभर लसूणघासाच्या कुट्टीत मिसळा. मीठ आणि पाणी कायम समोर. दुपारी अंगणात बांधला असतानाही पाणी.

अंगणाच्या स्वच्छतेचं मी समजू शकतो, पाहुणे पैसे देऊन येतात. पण वैरणीची पेटी आंब्याखाली ठेवली तर कचरा पेटीतच राहतो, आणि खाणारा घोडा फोटोत उभ्या घोड्यापेक्षा चांगला दिसतो. खोगीर चढवायच्या अर्धा तास आधी दोन मुठी लसूणघास किंवा गवत द्या, म्हणजे आत थर बसतो. इलाजाचे २८ दिवस मात्र पाठीवर कुणी नको.

नंतरही कोण बसणार याचा हिशेब करा. घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार नसावा, खोगीर धरून. ९० किलोला १८ किलो. म्हणजे चार-पाच वर्षांचं पोर, तेही थोडा वेळ. पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही "आठ-दहा वर्षांची मुलं" असं लिहिलंय. ताई, दहा वर्षांचं पोर तीस किलोचं असतं. ते थांबवा. मोठ्या मुलांना त्याला खरारा करू द्या, दोरी धरून चालवू द्या. त्यांना तेच जास्त आवडतं, असा माझा अनुभव आहे. पाहुण्यांच्या हातची बिस्किटं, कणसं, स्ट्रॉबेऱ्या बंद. पाटी लावून उपयोग होत नाही, कुणीतरी शेजारी उभं राहावं लागतं.

पिंट्या एकटाच आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. एकटा असेल तर एखादी शेळी सोबतीला ठेवा. घोडा कळपातला प्राणी, एकटेपणाचा ताण त्याच्या पोटावर निघतो. शनिवारी रात्री स्पीकर लागत असतील तर त्याची जागा घराच्या मागच्या अंगाला हलवा. लांबचा प्रवास घडला तर वाटेत वैरण आणि पाणी, आणि त्या आठवड्यात प्रतिबंधाची कमी मात्रा, किलोला १ मिलिग्रॅम, द्यायची का ते डॉक्टरांना विचारा. वर्षभर औषध चालू ठेवायची वेळ येऊ नये. आली तर समजा पेटीत किंवा तोबऱ्यात कुठंतरी गडबड आहे.

आता गाजर. धाकटीला सांगा, रोज एक, मधलं. गोल चकत्या करायच्या नाहीत, त्या घशात अडकतात. उभं चिरून लांब फाका करायच्या, आणि तळहात सपाट ठेवून एकेक द्यायची. काट्यावर न्याल तेव्हा तिलाही बरोबर न्या, वजन तिनंच वहीत लिहू दे. २८ दिवसांनी परत न्याल तेव्हाचा आकडा मला कळवा.